अळीला हाकलून फुलपाखरू येत नाही

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्याभोर पंखांवर निळे ठिपके मिरवणारं हे फुलपाखरू अंडी घालतं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आणि त्याची अळी त्याच झाडांची पानं खाऊन मोठी होते. त्याच्याच गोतावळ्यातली लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं तर परसातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर सर्रास वाढतात. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, नंतर हिरव्यागार होणाऱ्या या अळ्या नजरेला पडल्या की आपण लगेच औषध आणायला धावतो. फुलपाखरं यावीत म्हणून गच्चीत इक्झोरा आणि पेंटास लावणारे हातच अळी चिरडतात, कारण बागेतल्या जीवांची आपण सोयरे आणि शत्रू अशी वाटणी करून टाकली आहे. माझं म्हणणं असं की ही वाटणीच चुकीची आहे. ज्या बागेत किडीला अजिबात थारा नाही, तिथे पक्षी, फुलपाखरं आणि बेडूक येणार नाहीत. आणि ते येत नाहीत म्हणूनच तिथली कीड पुन्हा पुन्हा उसळते.

चिमण्यांचं उदाहरण घेऊ. २० मार्चला चिमणी दिन येतो, लाकडी घरटी टांगली जातात, बाजरी ठेवली जाते. पण चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस दाण्यांवर वाढत नाहीत, त्यांना अळ्या, मावा, कोळी असा मऊ आहार लागतो. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि कीटकच भरवतो. शिंपी, दयाळ, चष्मेवाला हे पक्षीही आपल्या दारच्या झाडांवर किडेच शोधत असतात. घरटं दिलं आणि पिल्लांचा घास फवारून टाकला, तर त्या घरट्याचा उपयोग काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: पक्ष्यांची वाट बघत बसलो तर तोवर जास्वंद पिठ्या ढेकणाने माखून जाईल. हे काही प्रमाणात खरं आहे. भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून येतो. मावा आधी वाढतो; त्याचा सुगावा लागून लेडीबर्ड भुंगेरे येतात, अंडी घालतात, त्यांच्या अळ्या खायला लागतात. या मधल्या आठवड्या-दोन आठवड्यांत झाड केविलवाणं दिसतं आणि नेमकी त्याच वेळी आपण फवारणी करतो. औषधाने दोघंही मरतात. मग उरलेला मावा झपाट्याने वाढतो, कारण त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते. भुंगेऱ्याला पुन्हा यायला आणि वाढायला वेळ लागतो. हे कॅलिफोर्नियात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. तिथल्या संत्र्याच्या बागा खवले कीड संपवायला निघाली होती. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया नावाच्या इवल्या भुंगेऱ्याने ती आटोक्यात आणली. पुढे १९४० च्या दशकात तिथे डीडीटी आलं, भुंगेरे मेले आणि तीच कीड परत उसळली. आपल्याकडे पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि महाराष्ट्रातही पोचला. फवारण्यांना तो बधला नाही. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस या चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीने मात्र त्याला वेसण घातली.

म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. आधी निरखून पाहावं. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या पांघरलेली असते. तिलाच ढेकूण समजून मारलं जातं. माव्याभोवती मुंग्यांची ये-जा दिसली तर बंदोबस्त मुंग्यांचा करावा. माव्याचा गोड स्राव मिळतो म्हणून त्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळली की ही राखण मोडते. पाण्याचा जोरदार झोत, रोगट शेंडा छाटणं, अळी हाताने उचलणं यांत बहुतेक काम भागतं. कुंडीतलं छोटं लिंबू दोन अळ्याही सोसणार नाही, तेव्हा त्या मोठ्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडाव्यात. मोठं झाड पानं गमावूनही पुन्हा फुटतं. युरियाचा हात आखडावा, कारण नत्राच्या जोरावर आलेल्या लुसलुशीत पालवीवर मावा तुटून पडतो. शेतकऱ्याचं पोट पिकावर असतं, त्याचा हिशेब वेगळा आहे. आपल्या परसात चार पानांना भोकं पडली तर आपलं कोणतं उत्पन्न बुडतं?

दुसरा आक्षेप सेंद्रियवाल्यांचा: आम्ही तर फक्त निंबोळी तेल किंवा दशपर्णी अर्क वापरतो. रासायनिक औषधापेक्षा ते बरं, पण वनस्पतीपासून केलं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं आणि त्याला लिंबावरची फुलपाखराची अळी व कोबीवरची अळी यांत फरक कळत नाही. तंबाखूचा काढा तर सरळ विषच आहे, निकोटीन माणसालाही भोवतं. झाडात भिनणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांची गोष्ट आणखी गंभीर आहे. ती मध आणि परागकणांतही उतरतात. मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला. आपल्याकडे मात्र इमिडाक्लोप्रिडची बाटली कृषी सेवा केंद्रात सहज मिळते आणि कुंडीतल्या फुलझाडावरही ओतली जाते.

मग काहीच मारायचं नाही का? मारायचं, आणि काही ठिकाणी कठोरपणे. मोठी आफ्रिकन गोगलगाय इथली नाही. एकोणिसाव्या शतकात ती कलकत्त्यात आली, आता मराठवाड्याच्या सोयाबीनपासून शहरातल्या बागांपर्यंत सगळीकडे फडशा पाडते, आणि तिला रोखण्याइतके तिचे शत्रू इथे नाहीत. भारद्वाज तिला खातो, पण तो एकटा पुरा पडत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरावं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. विषारी गोळ्या विखरू नयेत. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्री मरतात. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका पाहून ब्रिटनने २०२२ मध्ये त्यांचा उघड्यावरचा वापर थांबवला. सोसायटीच्या बागेत दर महिन्याच्या फवारणीचं कंत्राट देतानाही एवढी एक अट घालता येईल: आधी कोणत्या झाडावर काय दिसलं ते माळ्याने दाखवावं, आणि जिथे काहीच दिसलं नाही तिथे पंप नेऊ नये.