परसबाग : पांढरी सदाफुली



मुलुंडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या नणंदेने इंग्लंडहून पांढऱ्या फॉक्सग्लोव्हच्या बियांचे पाकीट आणून दिले. पाकिटावरचे चित्र पाहून बाई अगदी हरखून गेल्या. उंच दांडा आणि त्याला ओळीने लटकलेल्या पांढऱ्याशुभ्र घंटा! श्रावणात पेरले, रोपे उगवली, पण आज पाच महिने झाले तरी नुसती पानेच. 'माझे काय चुकले?' असे त्या विचारतात.

बाई, तुमचे काही चुकलेले नाही, उलट ते बारीक बी उगवून आणलेत याचेच कौतुक. या झाडाचा संसारच दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, मग कित्येक आठवडे कडाक्याची थंडी आणि त्यानंतर फुलांचा दांडा. आपल्याकडे ती थंडी आणायची कुठून? बोरिवलीला जंगलाच्या कडेला पहाटे स्वेटर लागतो, तेवढ्यावर या पाहुणीचे भागत नाही.

आणखी एक. या झाडाचा पाला, फूल, बी, सगळेच विषारी. पाने दिसतात मात्र एखाद्या पालेभाजीसारखी! घरात रांगते मूल असेल तर कुंडी रिकामी केलेली बरी.

मग गॅलरीत पांढरे फूल हवे, तेही बियांपासून, तर काय लावावे? मी म्हणेन, सदाफुली. नाक मुरडू नका हं! घाटकोपरच्या चाळीच्या कौलावर उगवते म्हणून तिला कुणी विचारत नाही, एवढेच. ही मूळची मादागास्करची. पण आता आपल्या मातीत अशी रुळली आहे की बारा महिने फुलते आणि देवपूजेला हमखास हाताशी असते.

बी विकत आणू नका. शेजारणीकडे निखळ पांढऱ्या फुलाचे झाड असेल तर त्याच्या शेंगांवर लक्ष ठेवा. त्या जोडीने येतात, शेवयांच्या तुकड्याएवढ्या बारीक. हिरव्याच्या पिवळसर झाल्या की खुडा. एक दिवस उशीर केलात तर तडकून बी उडालेच म्हणून समजा. काळे बी कागदावर पसरून आठ-पंधरा दिवस सावलीत वाळवा.

पेरणीला उत्तम दिवस पाऊस ओसरल्यावरचे. घटस्थापनेच्या सुमारास पेरले तर संक्रांतीच्या आगेमागे फूल दिसते. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरा. बी विरळ टाकून वर चिमूट-चिमूट माती भुरभुरा. या बियांना उगवायला अंधार लागतो, म्हणून कुंडीवर ओला कागद झाका. रोज उचलून पाहा आणि पहिला कोंब दिसताच कागद काढून टाका, नाहीतर रोपे लांबुळकी होऊन माना टाकतात.

आता एक गंमत सांगते. फूल येण्याआधीच पांढरी रोपे ओळखता येतात. ज्याचे खोड आणि देठ लालसर, ते गुलाबी फुलाचे. ज्याचे देठ स्वच्छ हिरवे, ते पांढऱ्याचे. लालसर रोपे उपटून शेजारी वाटून टाका. हिरवी तेवढी ठेवा आणि बोटभर उंच झाल्यावर शेंडा खुडा, म्हणजे झाड भरगच्च होते.

ऊन भरपूर हवे, पाणी मात्र हात राखून. वरची माती सुकल्याशिवाय घालू नका. आपल्याकडे सदाफुली मरते ती आषाढात. माती ओली असूनही झाड मलूल दिसले की आपण आणखी पाणी घालतो आणि कुजलेले मूळ पार जाते. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली सरकवा, बशी काढून टाका.

इथवर कौतुक झाले. आता एक कबुली.

काही वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंना मधुमेह निघाला. 'रोज सकाळी पांढऱ्या सदाफुलीची फुले आणि चार पाने चावून खा, साखर पळते,' असे मला कुणीसे सांगितले. झाड माझ्याच गॅलरीत. मी मोठ्या हौसेने पुडी पाठवू लागले. जाऊबाई डॉक्टरांची गोळीही घेत होत्या आणि माझा पालाही. एका सकाळी जिन्यातच घाम फुटून त्या मटकन खाली बसल्या. साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी विचारले, 'गोळीबरोबर आणखी काय घेता?' जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझी मान खाली गेली.

मग मी नीट वाचून काढले. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणूनच कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात ही पाने तपासायला घेतली. अर्क तोंडावाटे दिला तर साखर काही उतरेना. पण टोचून दिल्यावर प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच पुढे कर्करोगावरची औषधे निघाली, व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ते जेमतेम ग्रॅमभर मिळते आणि डॉक्टर ते मिलिग्रॅमात मोजून शिरेतून देतात. असे जालीम द्रव्य ज्या पानात आहे, ते आपण मूठ-मूठ चावून खायचे?

त्या फॉक्सग्लोव्हचीही हीच कथा. इंग्लंडातल्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्यात विल्यम विदरिंग या डॉक्टरला हा पाला सापडला. दहा वर्षे रुग्णांवर मात्रा पारखून त्याने १७८५ साली पुस्तक लिहिले. त्याच जातकुळीच्या झाडापासून मिळणारे डिगॉक्सिन आजही हृदयाच्या रुग्णांना देतात, तेही अगदी मोजून. म्हातारीचा काढा खोटा नव्हता; मोजमाप नव्हते, एवढेच.

म्हणून सदाफुली जरूर लावा, देवाला वाहा, डोळे भरून पाहा. खुडल्यावर हात तेवढे धुवा. आणि घरात कुणी तिचा पाला खात असेल, तर त्यांना न रागावता डॉक्टरांकडे न्या आणि खरे ते सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

जाऊबाईंच्या गॅलरीत आता माझ्याच बियांची दोन झाडे आहेत. दोन्ही हिरव्या देठांची. फुले फक्त देवाला.