सपाट जागा कुणाची?

अक्षय तृतीयेच्या सुमारास चारधामची कपाटं उघडतात आणि आपल्याकडच्या लहान लहान गावांतूनही यात्रेच्या बस निघू लागतात. भिशीचे, बचतगटाचे, मुलानं हातावर ठेवलेले असे पैसे जोडून बायका हौसेनं जातात, आणि जावंच. परत आल्या की फोटो दाखवतात. ‘हे बघ, खोलीच्या खिडकीतून नदी, हात बाहेर काढला की पाणी!’ मैत्रिणींनो, असा फोटो बघितला की अलीकडे मला नदी दिसतच नाही. हॉटेल ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीन दिसते. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये चिंचोळी दरी, आणि तिथे एवढी ऐसपैस सपाटी आली कुठून?

ती नदीनंच आणून टाकली आहे. एखाद्या जुन्या पुरात डोंगरातला ओढा दगडमाती घेऊन धाडकन खाली आला आणि दरीत पोहोचल्यावर त्यानं ते ओझं सुपासारखं पसरून टाकलं. किंवा पूर्वी तिथवर हिमनदी होती, ती वितळून मागे सरकली आणि तिनं खरवडून आणलेला राडारोडा तिथेच सोडून गेली. वर माती साचली, गवत उगवलं, माणसाला वाटलं, अरे वा, घर बांधायला बरी जागा आहे. पुरानं आणलेली जमीन पूर परतही नेऊ शकतो, हे मात्र सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

हिमनदी मागे सरकते म्हणजे बर्फ वर चालत जातो असं नाही, बरं का. ती खालच्या टोकाला वितळते, म्हणून टोक वर वर जाताना दिसतं. गंगोत्रीच्या हिमनदीचं टोक म्हणजे आपलं गोमुख. १९३५ साली ऑडन नावाच्या भूशास्त्रज्ञानं त्याचा नकाशा काढला होता. तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. आपण हे ऐकतो आणि म्हणतो, बर्फ कमी झाला, पुढे पाणी कमी पडेल. ते खरंच आहे. पण बर्फ गेल्यावर मागे जे उरतं, त्याचा विचार आपण करत नाही. सुटे दगड, वाळू, आधार गेलेले कडे आणि कच्च्या मातीच्या बांधामागे साठलेली तळी, हे सगळं उतारावर वाट बघत बसलेलं असतं.

केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं असंच होतं. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्या हिमनदीचं मोजमाप बरीच वर्षं करत होते. त्यांच्या तिथल्या पर्जन्यमापकानं जून २०१३ मध्ये, १५ तारखेच्या संध्याकाळपासून १६च्या संध्याकाळपर्यंत ३२५ मिलिमीटर पावसाची नोंद केली. १७ तारखेच्या सकाळी हिमनदीनं रचलेला तो मातीदगडांचा बांध फुटला आणि काही मिनिटांत तळं रिकामं झालं. पुढचं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मंदिराच्या मागे येऊन थांबलेली शिळा सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण मंदाकिनीचं काय झालं ते फारसं कुणाला आठवत नाही. तिनं पात्र बदललं. फार पूर्वी सोडून दिलेल्या वाटेनं ती पुन्हा वाहिली आणि त्या वाटेवर आता इमारती होत्या. वाटेतलं रामबाडा हे मुक्कामाचं ठिकाण नकाशावरून पुसलं गेलं. तिथून पुढची पायवाट नंतर नदीच्या पलीकडच्या अंगानं काढावी लागली.

पूर ओसरला म्हणजे संपला, असं आपल्याला वाटतं. पण तो जाताना पात्रात गाळ टाकून जातो. पातेलं अर्धं वाळूनं भरलं तर त्यात दूध किती मावेल? नदीचंही तेच होतं. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं तळं फुटलं, तिस्तेवरचं मोठं धरण वाहून गेलं आणि खाली कित्येक मैल पात्र गाळानं वर उचललं गेलं. पुढच्याच पावसाळ्यात खालच्या गावांत नदी घरात शिरू लागली. त्या घरांतल्या बायकांना दर पावसात चूल उचलून वर न्यावी लागते, याची गणती कुठल्या नुकसानीत होते?

आता रैणीची गोष्ट. हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी आणि सत्तावीसेक बायका झाडांना बिलगल्या, ते हे गाव. तिथेच, ऋषिगंगेच्या काठी, ७ फेब्रुवारी २०२१ च्या रविवारी सकाळी नदी चिखलाची भिंत होऊन आली. पावसाळा नव्हता, तळंही फुटलं नव्हतं. उपग्रहांची छायाचित्रं तपासून पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून सांगितलं, की रौंठी शिखराचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटून कोसळला, घर्षणानं बर्फ वितळला आणि त्याचा लोंढा झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. त्यातले बरेचसे खालच्या दोन जलविद्युत प्रकल्पांवरचे कामगार. रैणीच्या गावकऱ्यांनी यातल्या एका प्रकल्पाविरुद्ध २०१९ मध्येच हायकोर्टात दाद मागितली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा पाणी वाढलं, काठ खचू लागला, आणि गावातली गौरादेवींची मूर्ती काढून जोशीमठला न्यावी लागली. आणि जोशीमठ तरी कशावर उभं आहे? जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर! १९७६ मध्ये मिश्रा समितीनं हे लिहून दिलं होतं, इथे जड बांधकाम करू नका म्हणून बजावलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याची नोंद झाली. म्हणजे अभ्यास झाला नव्हता असं नाही. केदारनाथनंतर सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या रवी चोप्रा समितीनंही २०१४ मध्ये सांगितलं, की हिमनद्यांनी सोडलेल्या मोकळ्या दगडमातीच्या पट्ट्यात धरणं बांधू नका. अहवाल लिहिणारे लिहितात, ठेवणारे कपाटात ठेवतात.

ऐकलं तर काय होतं, याचंही उदाहरण त्याच भागातलं आहे, आणि तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचं. सप्टेंबर १८९३ मध्ये बिरही गंगेवर दरड कोसळून मोठं तळं तयार झालं. इंजिनियरांनी पाणी केव्हा बांधावरून वाहील याचा हिशोब मांडला, तळ्यापासून खालपर्यंत तारायंत्राची तार ओढली, पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणा काठाकाठानं केल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. गढवालचं श्रीनगर गाव वाहून गेलं, पण माणसं पाच गेली, तीही वर नेल्यावर पुन्हा खाली उतरलेली. मोबाइल नव्हता, उपग्रह नव्हता. होती ती फक्त मोजण्याची आणि मोजलेलं मानण्याची तयारी.

याउलट धराली. गंगोत्रीच्या वाटेवरचं, सफरचंदाच्या बागांचं, हॉटेलांचं गाव. सुपासारख्या उतारावर वसलेलं. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेतून आलेल्या चिखलानं ते मिनिटा-दोन मिनिटांत गाडलं. तिथलं कल्पकेदार मंदिर तर पूर्वी एकदा गाळात गाडलं गेलेलं आणि नंतर खणून काढलेलं होतं. ते पुन्हा गाडलं गेलं. यापेक्षा स्पष्ट खूण ती कोणती हवी होती? त्या आठवड्यात आपल्या महाराष्ट्रातलेही कितीतरी यात्रेकरू वर अडकून पडले होते आणि इकडे घरोघरी फोन लागत नव्हते.

आपल्या नद्या पावसाच्या, त्यांना हिमनदी नाही. पण निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय हे २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरच्या बायकांना कुणी शिकवायला नको. हिमालयातही प्रत्येक गावाला, प्रत्येक ओढ्याला अशी रेषा हवी आणि ती नुसत्या पाण्याची नको, दगडगाळाचीही हवी. वरच्या तळ्यांवर नजर ठेवणारी यंत्रं आणि खाली वाजणारे भोंगे हवेत. आणि रेषा आखताना गवत-लाकडासाठी रोज डोंगर चढणाऱ्या तिथल्या बायकांना विचारायला हवं. कुठला झरा गढूळ झाला, कुठल्या उतारावर नवी भेग पडली, हे त्यांना आधी दिसतं. त्यांच्या गावातले पुरुष बहुतेक नोकरीसाठी खाली शहरात असतात.

राहता राहिलो आपण. काठावरची हॉटेलं उभी राहतात ती ‘नदी दिसणारी खोली हवी’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, हेही खरंच ना? बुकिंग करताना जेवण बिनकांदा-लसणाचं मिळेल का, गरम पाणी आहे का, हे आपण टूरवाल्याला चार वेळा विचारतो. त्यातच आणखी दोन प्रश्न घाला. हॉटेल पात्रापासून किती उंचावर आहे? आणि मागच्या बाजूनं कुठला ओढा येतो? टूरवाला सुरुवातीला हसेल. दहा जणींनी विचारलं की चौकशी करून सांगेल.