काट्याची पावती जपतो, दवाखान्याची का नाही?



ट्रॉली काट्यावरून उतरली की आपण आधी पावती मागतो. वजनात थोडा फरक वाटला तरी काटेवाल्याला सोडत नाही आणि बिल जमा होईपर्यंत ती पावती ट्रंकेत जपून ठेवतो. पण हाच आपला माणूस पोराला दवाखान्यातून घरी आणतो, तेव्हा त्याच्या हातात औषधाची एक चिठ्ठी असते आणि तोंडी सांगितलेला बिलाचा आकडा.

मागच्या गळीत हंगामात एक सभासद आमच्याकडे आले होते. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला. हात यंत्रात सापडला, ऑपरेशन झाले, जखम चिघळली. दुसऱ्या दवाखान्यात नेल्यावर दोन बोटे काढावी लागली. "पहिल्या ठिकाणी चूक झाली म्हणत्यात. आता काय करायचं?" आम्ही कागद मागितले. ते म्हणाले, "कागद कोण ठेवतंय? आन् तीन वर्षं झाली की त्याला!" ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची. पुढे काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही.

डॉक्टरांविरुद्ध काही चालत नाही, हा समज खोटा आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले. भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने कायम झाला. भरपाई किती? ३,००० रुपये, तीही १५ वर्षांनी. पण रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने योग्य काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालाने देशाला सांगितले.

सरकारी दवाखानाही सुटत नाही. १९६३ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. ३३ वर्षे लागली!

दिवाणी दाव्याची ही कूर्मगती पाहता १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा मोठाच आधार ठरला. पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' होय, असे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आता २०१९ चा कायदा लागू आहे. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्याला पुण्यातच, तक्रार देता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही आणि उपचाराला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तो दवाखाना यात येत नाही; तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. मात्र कंपनीत पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जातो, म्हणून तो उपचार फुकटचा नव्हे, असे २००७ मध्ये न्यायालयाने म्हटले आहे. मावळ, मुळशी, खेड, हवेलीतील आपली किती पोरे पिंपरी-चिंचवड आणि चाकणला नोकरीला आहेत! त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोगी बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकला, असे नव्हे. चांगली लागण करूनही ऊस कधी लोळतोच. साधारण जाणत्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचे मत आणि कागद हवेत. फौजदारी गुन्ह्यासाठी तर हयगय फारच ढोबळ असावी लागते, असा २००५ चा निकाल आहे. आणि चार गावकरी जमवून दवाखान्याच्या काचा फोडणे हा उपाय नव्हेच. २०१० च्या राज्याच्या कायद्याने त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई.

तेव्हा घरी सुटण्याआधी डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि पक्के बिल मागून घ्या. केसपेपरची नक्कल लेखी अर्ज देऊन मागा. ७२ तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दाखल रोग्याचे कागद तीनच वर्षे ठेवण्याचे बंधन आहे, म्हणून "बघू नंतर" म्हणू नका.

एक सूचना. आपल्या गट ऑफिसात महिन्यातून एक दिवस जाणता वकील बसवावा. कोणी म्हणेल, कारखान्याचे काम साखर पाडण्याचे, ही उठाठेव कशाला? पण दवाखान्याच्या बिलापायी सभासदाने जमीन गहाण टाकली तर गव्हाणीत ऊस यायचा कुठून? येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी हजर राहून आपले मत द्यावे, ही विनंती.