जपानी घेऊ का?

मैत्रिणींनो, या खेपेला एका आईचं पत्र हाती घेतलं आहे. लेक अमेरिकेत बी. ए. करायला गेली आहे. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांत पदवीसाठी एखादी परकी भाषा दोन ते चार सत्रं शिकावीच लागते. लेकीचं मन जपानीवर बसलंय. भोवतालचे सगळे सांगतात, स्पॅनिश घे, सोपी आहे. त्यात शिष्यवृत्ती गुणांवर अवलंबून! "तिला अडवू का?" असं आई विचारते.

अडवू नका. पण आधी एक चौकशी करायला सांगा. मुलीचं शालेय शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून झालं असेल, तर काही विद्यापीठं ही अटच माफ करतात. तुमची लेक मराठी शाळेतली असेल तर ऑफिसात नुसतं विचारायचं. अट माफ झाली, तर मग जपानी केवळ हौसेची.

जपानी अवघड म्हणतात, त्याला आधार आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशेबाने स्पॅनिशला साधारण ३० आठवडे लागतात आणि जपानीला ८८, म्हणजे वर्गातलेच २२०० तास. आकडा ऐकून छाती दडपते ना? पण हा हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे, हे कुणी सांगत नाही. 'ओच्या ओ नोमिमास का?' म्हणजे 'चहा पिता का?' क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि प्रश्नाचा 'का'सुद्धा आपल्यासारखाच त्याच्या शेपटाला. इतकंच काय, त्यातला 'च्या' म्हणजे चहाच! आपण 'घरात', 'घराहून' म्हणतो, तसं त्यांचंही नामाच्या मागून जोडायचं. 'उकडतंय ना' मधल्या 'ना'च्या जागी ते 'ने' म्हणतात. मुळाक्षरं आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना अशी चालतात. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास तिकडे पोचला, त्याचाच हा ठसा. शिवाय क्रियापदाला लिंग-वचनाची भानगड नाही. 'तो पितो, ती पिते, त्या पितात' सगळ्यांना एकच रूप!

मग एवढे तास जातात कुठे? लिपीत. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं महिन्या-दीड महिन्यात हाताखाली येतात. खरी कसोटी कांजीची, म्हणजे चीनमधून आलेल्या अक्षरांची. २०१० साली तिथल्या सरकारने नित्य वापरासाठी जी यादी ठरवली, तीत २,१३६ कांजी आहेत. त्यातून एकेकीचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन. डोंगराची कांजी एकटी असली की 'यामा', फुजीच्या मागे आली की 'सान'. (आपल्याला वाटतं, 'फुजीसान' म्हणजे आपलं फुजीराव! तसं नाही हं.) कॉलेजच्या दोन वर्षांत साऱ्या येत नाहीत, पण काही शे तरी बसवाव्या लागतात. आणि ती विद्या परीक्षेच्या आदल्या रात्री जागून येणारी नव्हे. रोज दहा-बारा गिरवायच्या, कालच्या पुन्हा काढायच्या. मी शाळेत शिकवते, म्हणून सांगते, हुशार मुली इथेच अडकतात. एकदा वाचलं की समजलं, अशी त्यांची सवय असते.

म्हणून लेकीला विचारा, त्या सत्रात बाकीचे विषय कोणते? प्रयोगशाळेचे दोन-दोन विषय आणि जपानी एकदम नको. नुसती जपानी कार्टूनं आवडतात म्हणून घेत असली, तरी माझी हरकत नाही. आवड वर्गापर्यंत नेते, पुढचं काम वहीचं.

जिच्या मुलीला अजून जायचंय, तिने हिरागाना इथेच उरकून घ्यावं. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जपानी शिकवतात, खासगी वर्गही आहेत. आणि पहिल्या वर्षाची सुटी लागून लेक घरी आली, की रोज दुपारी अर्धा तास तिला वही घेऊन बसू द्या. तीन महिन्यांत कांजी साफ पुसल्या जातात. मावशी-आत्याकडे काय, संध्याकाळी जाता येईल.