अराकूच्या कॉफीमळ्यांशेजारी शाळा बांधा

मा. मुख्यमंत्री,
आंध्र प्रदेश शासन



अराकू खोऱ्यातली कॉफी आता मुंबईतही मिळते. 2017 साली पॅरिसमध्ये तिचं दुकान उघडलं, 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 च्या जी-20 परिषदेत ती पाहुण्यांना भेट दिली गेली. ती पिकवणाऱ्या आदिवासींच्या मुलांना पाड्याजवळ चांगली शाळा मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीच्या वेलांशेजारी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी कॉफीची तोडणी चालते. फळं एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढी हाताने वेचायची, हिरवी पुढच्या फेरीला ठेवायची. तोडलेल्या फळांची साल वेळेत काढली नाही तर ती आंबतात. अशा धांदलीत थोरलं पोर धाकट्याला सांभाळायला घरी राहिलं, तर दोष आईबापांच्या माथी मारू नका. शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवण्याचं काम शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवलं आहे. ऐन तोडणीत सुट्टी द्या, बुडालेले दिवस उन्हाळ्यात भरून काढा.

इमारत कशी हवी, हेही कायद्यातच आहे: बारमाही टिकणारं बांधकाम, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, खेळायला मैदान. सहा वर्षांच्या लेकराला अशा शाळेसाठी दूरच्या वसतिगृहात धाडावं लागू नये.

पण नुसत्या भिंतींनी शाळा होत नाही. या डोंगरांत घरोघरी कुवी, कोंडा, आदिवासी ओडिया बोलली जाते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350-अ सांगतं. अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांवरचं स्थानिक आदिवासींचं शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रद्द केलं. म्हणूनच पहिली-दुसरीच्या शिक्षकाला मुलांची बोली आलीच पाहिजे, असा नियम आता करायला हवा. आमच्या गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी शाळा सुरू केली. आईबापांना शिक्षणाचं मोल कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

शाळेची जागा ग्रामसभेला ठरवू द्या. ज्या पाड्यांना शाळा नाही त्यांची यादी पुढच्या तोडणीआधी जाहीर करा आणि त्याच वर्षी बांधकामाला निधी द्या.

आपला,
महाराष्ट्रातला एक नागरिक