हिशेब मागणारा खेळाडू संघाबाहेर जाता कामा नये

प्रति,
श्री. दिलीप तिर्की, अध्यक्ष, हॉकी इंडिया
आणि हॉकी इंडिया लीगचे सर्व संघमालक



तिर्कीसाहेब, डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात आपण होता. ३२ वर्षांनी ते पदक भारतात परत आलं. कोरियाविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला आणि आशिष बल्लाळने गोल राखला. त्यानंतर जे झालं ते आपण आमच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. कर्णधार धनराज पिल्ले आणि बल्लाळ यांच्यासह अनुभवी खेळाडूंना संघातून वगळलं गेलं. तेव्हाच्या महासंघाने विश्रांतीचं कारण दिलं. पण परदेश दौऱ्यातला तुटपुंजा भत्ता आणि न मिळणारी मॅच फी याबद्दल धनराज उघडपणे बोलला होता, आणि त्याला मिळाली ती बोलण्याची शिक्षा, असंच हॉकीवाले तेव्हा मानत होते. खडकीच्या गल्लीतून आलेला, देशाला सुवर्ण मिळवून देणारा कर्णधार बोलला तर त्याची ही गत. मग जिल्हा पातळीवरून वर आलेल्या पोराने तोंड उघडायचं कुणाच्या भरवशावर?

मी वर्ध्याचा निवृत्त क्रीडाशिक्षक. टर्फ तर सोडाच, सपाट मैदानसुद्धा आमच्या पोरांना धड मिळत नाही, तरी ती खेळतात. बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मुलींची लीग सुरू झाली आणि उदिता दुहानला ३२ लाख मिळाले, त्याचा तर त्याहून जास्त. पण बोली हा आकडा आहे. तो खात्यात जमा होईपर्यंत त्याला पगार म्हणता येत नाही. आणि त्याच लिलावात कमीत कमी आधारभूत किंमत २ लाख होती. ज्याच्यावर तेवढीच बोली लागते, त्याचा हप्ता थकला तर वकील लावायची त्याची ऐपत नसते.

बालेवाडी आठवा. जानेवारी २०१०. दिल्लीचा विश्वचषक दीड महिन्यावर आलेला आणि पुण्याच्या शिबिरात राजपाल सिंगच्या संघाने सरावाला नकार दिला. थकलेले पैसे द्या, एवढंच मागणं होतं. माणशी साडेचार लाखांच्या आसपासची मागणी आणि समोरून २५ हजारांचा देकार. मुदती दिल्या गेल्या, दुसरा संघ उभा करण्याची भाषा झाली, देशासाठी खेळता की पैशासाठी, असंही विचारलं गेलं. शेवटी प्रायोजक सहाराने एक कोटी देऊ केले तेव्हा कुठे पोरं मैदानात उतरली. त्याच सुमारास भोपाळच्या शिबिरातल्या मुलींनी मदतीसाठी बँकेत खातं उघडलं. भारताच्या राष्ट्रीय संघातल्या मुलींनी, लोकांपुढे हात पसरायला! ते वाचलं तेव्हाचा संताप आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

देशासाठी खेळता की पैशासाठी, हा प्रश्न नेहमी खेळाडूलाच का विचारला जातो?

मग २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. आठ संघ, पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेला, प्रेक्षकही आले. हॉकी इंडियाची मान्यता नसल्यामुळे तिथे खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचं दार बंद होण्याची भीती, आणि आयोजकांकडे अनेकांचे पैसे थकले. दुसरा हंगाम झालाच नाही. दोन्ही बाजूंनी भरडला गेला तो खेळाडू. धनराज आणि इतर काही माजी खेळाडू हॉकी इंडियाविरुद्ध, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे गेले. मे २०१३ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली, पण खेळाचं नियमन आणि स्पर्धा भरवण्याचा व्यवसाय ही दोन कामं एकमेकांत मिसळू नयेत, अशी अंतर्गत व्यवस्था करा, असंही हॉकी इंडियाला बजावलं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या भांडणांचं मूळ तिथेच आहे. संघ निवडणारी, शिस्तभंगाची कारवाई करणारी आणि लीगचा धंदा चालवणारी संस्था एकच असेल, तर मालकाविरुद्ध तक्रार घेऊन खेळाडू जाणार कुठे? तक्रारीचा कागद ज्या टेबलावर पडतो, त्याच टेबलावर पुढच्या शिबिराची यादी तयार होते.

संघमालकांनो, तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. हॉकीत क्रिकेटसारखा पैसा नाही. पहिली लीग २०१७ नंतर बंद पडली, आणि नव्या लीगमध्येही एका हंगामानंतर उत्तर प्रदेशच्या मालकाने संघ सोडला, तेव्हा लीगच्या नियामक मंडळालाच त्या जागी संघ उतरवावा लागला. तोट्यातला धंदा सोडायचा हक्क तुम्हाला आहेच. पण गिरणी बंद पडली की कामगाराच्या घरात काय होतं, हे पुलगाव आणि हिंगणघाटच्या माणसाला सांगावं लागत नाही. मालक दुसरा धंदा बघतो. हॉकीपटूचं खेळण्याचं वय मात्र दहा-बारा वर्षांचं, त्यातलं एक वर्ष बुडालं तर ते भरून निघत नाही.

बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्येही हेच झालं होतं. १९५७ मध्ये टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभी करायला घेतली, तर डेट्रॉईटच्या संघाने एवढा मोठा खेळाडू उचलून शिकागोला पाठवून दिला. संघटना उभी राहायला १९६७ उजाडलं. पुढे मालकांनी टाळेबंदी केली, २००४-०५ चा अख्खा हंगाम वाया गेला. पुढची टाळेबंदी २०१३ च्या जानेवारीत संपली तेव्हा उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणी लेखी ठरली. तिथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. त्या संघटनेचा पहिला प्रमुख ॲलन ईगलसन पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. तरी आज तिथे पगारावरून वाद झाला तर खेळाडूच्या बाजूने बोलायला कुणीतरी आहे, आणि ते बोलल्याबद्दल त्याचं संघातलं स्थान जात नाही. आपल्याकडे हेच नाही.

ज्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये येऊन राहिले, त्या गावापासून मी हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून १९१८ च्या अहमदाबादची आठवण करून देतो. कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडले होते. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूया. गांधीजींच्या उपोषणानंतर तोडगा निघाला तो पंचाचा. आनंदशंकर ध्रुव पंच झाले. त्यांचा निवाडा येईपर्यंत पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, असं ठरलं. दोन्ही पक्षांची पत राहिली आणि भोंगे पुन्हा वाजले. पंच मालकाचा नोकर नव्हता आणि कामगारांचा पुढारीही नव्हता, म्हणून ते जमलं.

हॉकी लीगला असाच पंच हवा. निवृत्त न्यायाधीश असू द्या, पण निवड समितीशी आणि हॉकी इंडियाच्या कार्यालयाशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा. तक्रार त्याच्याकडे जावी, तक्रारदाराचं नाव निवड समितीला कळू नये, निकालाला मुदत असावी. लिलावात बसण्याआधी प्रत्येक मालकाने पूर्ण हंगामाच्या मानधनाची बँक हमी जमा करावी. हप्ता थकला तर त्यातून थेट खेळाडूच्या खात्यात पैसे जावेत. लीगमधल्या खेळाडूंना, मुलगे आणि मुली दोघांनाही, स्वतःची संघटना बांधता यावी आणि करारावर सही करण्यापूर्वी तिने तो वाचावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात प्रत्येक महासंघात खेळाडूंची समिती आहे, वादांसाठी न्यायाधिकरणही आहे. ती समिती सत्कारापुरती राहू नये. लीगमधल्या मानधनाचे वाद त्या न्यायाधिकरणापर्यंत नेता येतील, असं कलम प्रत्येक करारात घाला.

तिर्कीसाहेब, आपण तीन ऑलिम्पिक खेळलात, ओडिशाच्या आदिवासी गावातून आलात. परदेशात दिवसाच्या भत्त्यात पोट भरायचं कसं, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. आपल्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या कितीतरी जणांना ते ठाऊक नव्हतं. आपण हे केलं नाही तर दुसरा कोण करेल, हे मला दिसत नाही.

मला उत्तराचं पत्र नको. पुढच्या लिलावाच्या नियमावलीत पंचाचं नाव आणि बँक हमीचं कलम छापलेलं दिसू द्या. ती नियमावली मराठीतही मिळाली, तर आमच्या पोरांच्या आईबापांना वाचून दाखवायची जबाबदारी माझी.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
वर्धा