जुना ईसीजी आणलात का?

ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, लहान चौकट म्हणजे 0.04 सेकंद, हे गणित महाविद्यालयात पाठ केले होते. वाचन मात्र पुढे रुग्णांनी शिकवले. व्यवसायाच्या आरंभी मधुमेह असलेल्या एक आजी पोटात जळजळ आणि घाम यांसाठी आल्या. आलेख निर्दोष होता. ‘पित्त असेल’ असे म्हणणार, तोच त्यांचा फिकट चेहरा पाहून थांबलो. अर्ध्या तासाने पुन्हा काढलेल्या आलेखात हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. तत्काळ रुग्णालयात हलवले, आजी वाचल्या. पहिला आलेख खोटा नव्हता, त्या क्षणापुरता खरा होता.

तेव्हापासून मी आधी रुग्णाकडे पाहतो, मग कागदाकडे; आणि जुना ईसीजी मागतो. कित्येक ज्येष्ठांच्या आलेखात वर्षानुवर्षांचा एखादा दोष असतो. तोच आज नव्याने आढळला, तर अर्थ पार बदलतो. हा कागद बहुधा उष्णतेने छापलेला असतो, कालांतराने पुसट होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेले कोरे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत! म्हणून झेरॉक्स काढून तारखेसह फाइलमध्ये ठेवावी. मात्र छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा दरदरून घाम सुटला असेल, तर रुग्णाला आधी रुग्णालयात न्यावे. फाइल कोणीतरी मागून आणून द्यावी.